प्रायोजक पाहिजे!

पूर्वी उपवर मुलीच्या बापाचे जोडे झिजत. हल्ली ते पॉडकास्ट काढणाऱ्या तरुणाचे झिजतात. पॉडकास्ट म्हणजे घरच्या घरी ध्वनिमुद्रित केलेला आणि ज्याला हवा त्याने हवा तेव्हा मोबाइलवर ऐकायचा कार्यक्रम. आमचे भाचेराव मुंबई-गोवा महामार्गावरच्या लांज्याला राहून असाच एक कार्यक्रम करतात. तालुक्यातल्या वृद्ध माणसांकडून नमनाची गाणी, शेतीच्या जुन्या रीती, गिरणगावातल्या आठवणी वदवून घ्यायच्या. ऐकणारे बहुतेक मुंबईतले चाकरमानी. ऐकायला दमडी पडत नाही; पण माइक, पेट्रोल आणि संकलनात जाणाऱ्या रात्री यांचे पैसे कोणी द्यायचे? तेव्हा स्वारी प्रायोजकाच्या शोधात निघाली.

ही विद्या काही आजची नव्हे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, पुढे या अंकांचा संसार जाहिरातींच्याच आधारावर उभा राहिला. नभोवाणीची हकीगत तर मोठी मौजेची. १९५२ साली माहितीमंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांना (आपलाच मराठी माणूस!) सिनेसंगीताचे वावडे, आणि आकाशवाणीला जाहिरातींचे. त्याच वर्षी सिलोन रेडिओवर एका टूथपेस्टच्या पैशाने ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सयानींच्या आवाजाबरोबर ती टूथपेस्टही घरोघर पोचली. विविधभारतीवर जाहिराती यायला १९६७ साल उजाडले.

पण बिनाकाचा हिशेब लांज्यात चालत नाही. मोठे जाहिरातदार हजार श्रोत्यांमागे भाव करतात. समजा, हजारी ३०० रुपये. आणि भाच्याचे श्रोते ४००. हातात पडले १२० रुपये. त्यात माइकची वायरसुद्धा यायची नाही!

मी म्हटले, “अरे, ऐकणारे किती ते सांगू नकोस, कोण ते सांग.” ज्यांना मे महिन्यात हापूस, गणपतीला गावची गाडी आणि बारा महिने काजूगर लागतात, असे ४०० कान काजूवाल्याला ४ लाख परक्या कानांहून मोलाचे. मुंबईतली ग्रामस्थ मंडळे नमनाच्या प्रयोगाला स्मरणिका काढतात, तीत वाणी, ठेकेदार, ट्रॅव्हल्सवाले ‘शुभेच्छुक’ म्हणून झळकतात, ते याच हिशेबाने.

भाच्याने एका कागदावर सारे मांडले. श्रोते कुठले, शेवटपर्यंत किती जण ऐकतात, सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटाचे ६ भागांना मिळून किती. बाजारपेठेतल्या एका काजूवाल्यांनी तो कागद उलटसुलट पाहिला आणि विचारले, “बाळा, माझं नाव कोण घेणार? तूच ना? मग हरकत नाही.”

दुसरे स्थळ मात्र श्रीमंत आले. गुडघेदुखीच्या तेलाचे कारखानदार! वर्षाचा सारा खर्च द्यायला तयार. अट एकच: त्यांच्या वैद्यांना पाहुणे म्हणून बोलवायचे आणि पैसे घेतल्याचे बोलायचे नाही. आता भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये डिजिटल माध्यमांतून पैसे घेऊन शिफारस करणाऱ्यांसाठी नियम केले आहेत. नुसता आवाज असेल तर ही जाहिरात आहे, हे आरंभी आणि शेवटी स्पष्ट सांगितले पाहिजे. मी ते त्याला दाखवले. पण दोन दिवस त्याला बोचत होते ते निराळेच. “मामा, ज्या आज्या माझ्याशी बोलतात ना, त्यांचेच गुडघे दुखतात. मी म्हटलं म्हणून त्या ते तेल घेतील.”

तेलवाल्यांना नकार गेला. आमच्या ताईला हे मुळीच पटलेले नाही. पेट्रोलचे पैसे तिच्या कनवटीचे जातात, तेव्हा तिला बोलायचा अधिकारही आहे. तूर्त काजूवाले ६ भागांचे पैसे देतात. एका ग्रामस्थ मंडळाने वर्गणीतून नवा माइक देऊ केला आहे. त्याबदली त्यांच्या नमनाची तारीख सांगायची. अध्यक्षांनी जरा घुश्शातच विचारले, “आमचं नावसुद्धा जाहिरात म्हणूनच घेणार काय रे?”

“होय काका,” भाचा म्हणाला, “तुमचंसुद्धा.”