पाण्याचा ताळेबंद बायकांनीच मागावा!

५ जूनला रोप लावायचं, फोटो काढायचा आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात पुन्हा नवं रोप लावायचं, असा पर्यावरण दिन आपल्याकडे गावोगावी साजरा होतो. झाडं लावू नयेत, असं माझं म्हणणं नाही. पण हवामान बदललंय, हे निफाड तालुक्यातल्या बायकांना व्याख्यान देऊन सांगायला नको. २६ नोव्हेंबर २०२३ ला अवकाळी पाऊस आणि गारपिटीने इथल्या द्राक्षबागा झोडपून काढल्या. अशा वर्षी घरात पहिली काटछाट कशात होते? मुलीच्या शिक्षणात, नाहीतर बाईच्या औषधपाण्यात!

गारा थांबवणं आपल्या हातात नाही; पाणी राखणं मात्र आहे. आपल्याच तालुक्यातलं ओझर बघा. वाघाड धरणाच्या कालव्याचं पाणी शेवटच्या टोकाला पोचतच नसे. समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र आणलं आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यायचं, पाणीपट्टी वेळेवर भरायची, वाटप आपसात ठरवायचं. ओढ्यांवरच्या बंधाऱ्यांत पाणी सोडून विहिरी जिवंत केल्या. पुढे अख्ख्या वाघाड प्रकल्पाचं पाणीवाटप शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आलं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनेही शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. दोन्हीकडे गावानेच नियम केले आणि ते पाळले, म्हणून पाणी टिकलं.

आता प्रश्न असा, की या नियमांत बाईचा आवाज कुठे? पाणीवापर संस्थेचं सभासदत्व जमीनधारकाला मिळतं आणि सातबाऱ्यावर बाईचं नाव क्वचितच असतं. पण ग्रामसभेला सातबारा लागत नाही, मतदार यादीतलं नाव पुरतं. शिवाय आपल्या राज्यात नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी, असा कायदाच आहे. किती गावांत ती खरोखर भरते? बऱ्याच ठिकाणी रजिस्टर घरोघरी फिरतं आणि आपण पदराला हात पुसत सही करतो, झाली सभा!

मैत्रिणींनो, सही करण्याआधी सभेला जाऊन बसा. यंदा गावात नवे बोअर किती झाले? बंधाऱ्यातला गाळ कधी काढणार? सांडपाणी ओढ्यात का जातं? उन्हाळ्यात प्यायला किती पाणी राखून ठेवलंय? ही उत्तरं ठरावात लिहून घ्या. ‘बायकांना यातलं काय कळतं?’ असं कुणीतरी म्हणेलच. महिन्याचं वाणसामान मोजक्या पैशात पुरवणाऱ्या बाईला ताळेबंद कुणी शिकवायला नको. घराचा हिशोब आपण रोज मांडतोच, आता गावच्या पाण्याचाही मागू या.