वादळानंतरच्या आठवड्यांची तयारी

पावसाळापूर्व आढावा बैठकीत चक्रीवादळाचा विषय निघाला की आरोग्य विभागाला औषधसाठा, रुग्णवाहिका आणि वैद्यकीय पथके यांविषयी विचारले जाते. हे प्रश्न रास्त आहेत, पण त्यांचा रोख वादळ धडकते त्या एक-दोन दिवसांवर असतो. अटलांटिक किनाऱ्यावरचा अलीकडचा अनुभव वेगळा आहे. तिथे मृत्यूंचा मोठा वाटा नंतरच्या आठवड्यांतला असतो. वीज, पाणी आणि रस्ता बंद राहतो, चालू उपचार तुटतात आणि माणसे दगावतात. त्यामुळे तालुक्याची तयारी जोखायची ती एकाच कसोटीवर : वीज गेल्यावर कोणता रुग्ण किती दिवस तग धरू शकेल, हे तिथल्या आरोग्य यंत्रणेला नावानिशी ठाऊक आहे का?

पोर्तो रिकोचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. २० सप्टेंबर २०१७ रोजी तिथे मारिया वादळ धडकले. अधिकृत मृत्युसंख्या कित्येक महिने ६४ होती. पुढे जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासाने फेब्रुवारी २०१८ पर्यंतच्या अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज २,९७५ असा मांडला आणि सरकारने तो स्वीकारला. हार्वर्डच्या संशोधकांनी घरोघरी केलेल्या पाहणीत वादळानंतरच्या सुमारे एक तृतीयांश मृत्यूंमागे उपचार न मिळणे किंवा लांबणे हे कारण सांगितले गेले. सप्टेंबर २०१७ मध्येच इर्मा वादळानंतर फ्लोरिडातील एका वृद्ध शुश्रूषागृहात वातानुकूलन बंद पडले आणि उष्म्याने १२ रहिवासी गेले. शेजारच्याच रुग्णालयात वीज चालू होती. अंतर काही पावलांचे होते, पण या वृद्धांना वेळीच तिकडे हलवणे कोणाकडून झाले नाही.

अतिरिक्त मृत्यू हा संख्याशास्त्रीय अंदाज आहे, त्यावर खर्चाचे निर्णय कसे घ्यायचे, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. हार्वर्डच्या पाहणीतील एकूण अंदाजाची कक्षा फार रुंद होती. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासाने अमेरिकेतील सरासरी एका वादळामागे पुढच्या पंधरा वर्षांत ७,००० ते ११,००० अतिरिक्त मृत्यू धरले, इतक्या लांबच्या परिणामाची साखळी सिद्ध करणे कठीणच. मात्र उपाययोजनेसाठी अचूक बेरीज लागत नाही, मृत्यूची वाट कळली तरी पुरते. २०१२ च्या सँडी वादळाआधी न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीतील अनेक मूत्रपिंडरुग्णांचे डायलिसिस ठरल्या दिवसाच्या आधीच उरकण्यात आले. नंतरच्या तुलनेत या रुग्णांना तातडीच्या विभागात आणि रुग्णालयात दाखल होण्याची वेळ कमी आली, तीस दिवसांतले मृत्यूही त्यांच्यात कमी होते. अभ्यास निरीक्षणात्मक असला तरी उपाय साधा आहे आणि त्याला लागतात ते इशाऱ्यानंतरचे दोन दिवस आणि रुग्णांची यादी.

हा प्रश्न कोकणाला परका नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. रायगडसह दापोली-मंडणगड पट्ट्यातल्या काही गावांत वीज यायला आठवडे लागले, मोबाइलही बंद होते. अशा वेळी यादी केवळ संगणकावर असेल तर ती नसल्यासारखीच. उपकेंद्रात तिची कागदी प्रत हवी. तिच्यात डायलिसिसचे रुग्ण, घरी ऑक्सिजन काँसन्ट्रेटरवर असलेले, इन्सुलिन घेणारे, क्षयाचे आणि मानसिक आजाराचे नियमित औषध चालू असलेले, अंथरुणाला खिळलेले आणि महिनाभरात प्रसूतीची तारीख असलेल्या गर्भवती एवढे आले तरी पुरे. प्रत्येकापुढे एकच नोंद असावी : इशारा मिळताच काय करायचे. कोणाला महिन्याचे औषध आगाऊ द्यायचे, कोणाला आधीच हलवायचे, इन्सुलिन कोणत्या केंद्राच्या शीतसाखळीत ठेवायचे आणि त्या केंद्राचा जनरेटर किती तास चालतो. गर्भवतीला प्रसूतीआधीच केंद्राजवळ आणून ठेवण्याची कल्पना आदिवासी भागातल्या माहेरघर योजनेने आपल्याकडे रुजवलीच आहे.

आशा आणि आरोग्यसेविकांवर आधीच नोंदवह्यांचा डोंगर आहे, त्यात आणखी एक कशाला, ही तक्रार खरी आहे. म्हणूनच नवे सर्वेक्षण नको. गर्भवतींची, असंसर्गजन्य रोगांची आणि क्षयाची माहिती वेगवेगळ्या कार्यक्रमांत आहेच. ती गावनिहाय एकत्र करण्याचे काम तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या कार्यालयाने करावे. आशाने मे आणि सप्टेंबरमध्ये फक्त बदल कळवावेत. दुसरी शंका गोपनीयतेची. अमेरिकेत विजेवर चालणारी वैद्यकीय उपकरणे वापरणाऱ्या, मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेच्या लाभार्थ्यांची स्थानिक विभागांना एरवी केवळ संख्या मिळते, नाव-पत्ता आपत्तीतच आणि अधिकृत आरोग्य विभागालाच उघड होतो. आपल्याकडेही उपकेंद्रातली यादी बंद पाकिटात, वैद्यकीय अधिकाऱ्याच्या जबाबदारीवर राहू शकते. मानसिक आजाराची नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर जाणार नाही, एवढे बंधन लेखी हवे. आणि वादळ क्वचित येते म्हणणाऱ्यांनी २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आठवावा. वीज आणि रस्ता कोणत्याही कारणाने तुटो, यादी तीच लागते.

साथरोगांची तयारी याने गौण ठरत नाही. पाणी निर्जंतुक करणारी टीसीएल पावडर, पाण्यातील क्लोरीनची ओटी तपासणी, लेप्टोस्पायरोसिससाठी डॉक्सिसायक्लिन, सर्पदंशावरचे प्रतिविष हे सारे लागतेच आणि त्याची घडी आपल्या यंत्रणेला चांगली बसली आहे. घडी बसायची आहे ती मोजणीची. आपल्याकडे वैद्यकीय प्रमाणपत्रासह नोंदलेल्या मृत्युकारणांचे प्रमाण कमी, त्यामुळे उपचार तुटून झालेला मृत्यू ‘वार्धक्य’ किंवा ‘हृदय बंद पडणे’ म्हणून सहज निघून जातो. बाधित तालुक्यांत वादळानंतरचे नव्वद दिवस प्रत्येक मृत्यूच्या चौकशीत दोन जादा प्रश्न विचारावेत : वीज होती का, उपचार खंडित झाला होता का. उत्तरे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे जमा झाली, तर पुढच्या वर्षीची यादी कोणत्या रुग्णांपासून सुरू करायची हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही.