साग एकटा लावूं नये

झाडें लावावयाचीं म्हटलें कीं वाशीम जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या तोंडीं प्रथम सागाचेंच नांव येतें. हें साहजिक आहे; सागाचें लाकूड टिकाऊ, व त्यास गिऱ्हाईक शोधावें लागत नाहीं. तथापि माळावर एकट्या सागाचें वन उभें करणें आम्हांस हिताचें वाटत नाहीं.

आमच्या इकडील रानांत साग एकटा वाढत नाहीं. धावडा, सालई, तिवस यांची त्यास संगत असते. कोणाचीं मुळें उथळ, कोणाचीं खोल. कोणास ऊन अधिक लागतें, कोणास कमी. त्यामुळें एकाच जमिनीचा निरनिराळा भाग निरनिराळीं झाडें उपयोगांत आणतात. शेंगवर्गीय झाडें हवेंतील नत्र जमिनीस मिळवून देतात. उलट, नुसतें सागवन म्हणजे पानें खाणाऱ्या अळीस अन्नछत्रच होय. झाड मरत नाहीं, परंतु त्या वर्षाची वाढ बुडते.

१९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या केरळांतील एका प्रयोगांत साग व सुबाभूळ एकत्र लावलीं होतीं. ४४ महिन्यांनीं, एका सागास दोन सुबाभळी या प्रमाणांतील साग नुसत्या सागापेक्षां उंचीनें ४५ टक्के व खोडाच्या व्यासानें ७१ टक्के अधिक भरला. केरळाचा पाऊस आमच्याकडे नाहीं. म्हणून तेवढ्याच वाढीची आशा धरूं नये. परंतु धडा घेण्याजोगा आहे.

सोबतीचीं झाडें लावल्यानें दर एकरीं साग कमी बसतो, असा आक्षेप निघेल. पण दाट लावलेल्या सागाची विरळणी करावीच लागते, आणि त्या कोवळ्या बल्ल्यांस दर मिळत नाहीं. मिश्र वनांत विरळणी सुबाभळीची होते. पाला शेळ्यांस व लाकूड सरपणास येतें. सागाच्या पैशासाठीं वीस-पंचवीस वर्षें वाट पाहणाऱ्या कुटुंबास हा मधला आधार लहान नव्हे.

मात्र मिश्रण म्हणजे खिचडी नव्हे. साग उजेडाचा भुकेला आहे. सोबत्याची सावली त्याच्या शेंड्यावर पडूं लागतांच सोबती छाटावा. सुबाभळीच्या शेंगा पिकूं देऊं नयेत, नाहीं तर तिचीं रोपें शेतभर माजतील. पाणी साचणाऱ्या काळ्या जमिनींत तर साग लावूंच नये.

शेवटीं दफ्तराची गोष्ट. आमचें आयुष्य महसुली कागदांत गेलें, म्हणून आग्रहानें सांगतों. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यान्वयें साग, तिवस, ऐन, मोह इत्यादि झाडें स्वतःच्या शेतांतील असलीं तरी लेखी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. मिश्र वनांत कोणतें झाड परवानगीचें व कोणतें नव्हे, हा प्रश्न हटकून उठतो. यास्तव धुऱ्यावरचीं व माळावरचीं झाडें लावल्या वर्षापासूनच जातवार सातबारावर नोंदवून घ्यावीं. तोडीच्या दिवशीं हाच कागद शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल.