कंपनीने न्यायालयात कोणाच्या तोंडाने बोलावे?

स्वतःचा खटला स्वतः चालवण्याची मुभा प्रत्येक नागरिकाला आहे. मात्र त्याच नागरिकाने पत्नीला सोबत घेऊन प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली की ही मुभा संपते. कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही वेगळी व्यक्ती आणि संचालक हा वेगळा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 29 प्रमाणे संचालक दाव्यावर सही करू शकतो; परंतु युक्तिवादाला उभे राहायचे तर अधिवक्ता अधिनियम 1961 आडवा येतो. वकील नसलेल्याला कलम 32 खाली न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, आणि ती देणे न देणे न्यायाधीशांच्या मर्जीवर असते.

वकिलाशिवाय कामकाज होतच नाही असे मात्र नाही. कंपनी कायदा न्यायाधिकरणात आणि रेरामध्ये सीए व कंपनी सेक्रेटरी बाजू मांडतात. ग्राहक मंचात वकील नसलेला अधिकृत प्रतिनिधी नियमांच्या चौकटीत उभा राहू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये मान्य केले. कामगार न्यायालयांत तर औद्योगिक विवाद कायदा 1947 ने उलटाच दंडक घातला होता: समोरच्याची संमती आणि न्यायालयाची परवानगी असल्याशिवाय वकील नाही. मग गोविंदपुऱ्यातील लहान कारखानदाराने थकलेल्या बिलासाठी दिवाणी न्यायालयात स्वतः दोन शब्द बोलले, तर काय बिघडणार आहे?

दुसरी बाजू आपल्याच शहराने भोगली आहे. डिसेंबर 1984 च्या वायुकांडानंतर युनियन कार्बाईडला वकिलांची कधी वाण पडली नाही. वाण होती ती उत्तर देणाऱ्या माणसाची. आरोपी कंपनीने आपला प्रतिनिधी नेमावा अशी सोय तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 305 मध्ये होती. तरीही अमेरिकेतील मूळ कंपनी हजर झाली नाही, आणि 1992 मध्ये भोपाळच्या न्यायालयाने तिला फरार घोषित केले. 7 जून 2010 च्या निकालात भारतीय कंपनीला सुमारे 5 लाख रुपये दंड झाला. 2001 मध्ये कार्बाईड विकत घेणाऱ्या डाऊ केमिकलचे वकील अनेक समन्सनंतर ऑक्टोबर 2023 मध्ये येथे प्रथम उभे राहिले. तेही या न्यायालयाला आमच्यावर अधिकारच नाही, एवढे सांगण्यासाठी!

म्हणजे ज्याला बोलायचे आहे त्याला बोलू देत नाहीत, आणि ज्याने बोलायला हवे तो वकिलाच्या काळ्या कोटाआड लपतो.

वकिलांची गरज नाही असे आमचे म्हणणे नाही. गुंतागुंतीच्या प्रकरणात अर्धवट माहितीचा संचालक स्वतःचेच नुकसान करील आणि न्यायालयाचा वेळही घेईल. म्हणून आमच्या मागण्या दोनच आहेत. पहिली, लहान रकमेच्या दाव्यांत छोट्या कंपनीच्या संचालकाला कलम 32 ची परवानगी सहज मिळावी. त्यासाठी उच्च न्यायालयाने स्पष्ट नियम करावेत. दुसरी, आदेश 29 च्या नियम 3 प्रमाणे माहीतगार अधिकाऱ्याला जातीने हजर राहायला लावण्याचा जो अधिकार दिवाणी न्यायालयाला आहे, तो मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत कागदावर राहू नये.

कायदा नवा करायला नको, आहे तोच वापरावा. आपल्या समाजातील वकील मंडळींनी याला विरोध न करता पुढाकार घ्यावा, ही विनंती.