वेदर अ‍ॅपला बर्फ कळत नाही

२८ फेब्रुवारी २०२५ला उत्तराखंडमधल्या माणा गावाजवळ हिमस्खलन झालं. ५४ कामगार अडकले, ८ जण गेले. चंदीगडच्या डीजीआरई या डीआरडीओच्या संस्थेने आदल्याच दिवशी चमोलीत २४०० मीटरच्या वरच्या भागासाठी इशारा दिला होता.

आपलं वेदर अ‍ॅप हे का सांगत नाही? कारण ते हवेचा अंदाज देतं, बर्फाच्या थरांचा नाही. अ‍ॅपवर ऊन दिसत असतं, तेव्हाही नवा बर्फ खालच्या कच्च्या थरावर कसाबसा टिकून असू शकतो.

केदारकंठाला जाताना मीसुद्धा फक्त पायथ्याच्या सांकरीचं तापमान बघितलं होतं. सांकरी साधारण १९५० मीटरवर, शिखर ३८०० मीटरवर. दर हजार मीटरला सुमारे ६.५ अंश धरले, तर वर तब्बल १२ अंश कमी! वारा वेगळाच.

म्हणून रोज तीन गोष्टी बघा: डीजीआरईचं बुलेटिन, २४ तासांत पडलेला बर्फ आणि उताराचा कोन. ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वात धोक्याचे. तुम्ही सपाटीवर असलात तरी डोक्यावरचा उतार बघाच. वर रेंज नसते, बुलेटिनचा स्क्रीनशॉट खालीच घ्या. इशारा असेल तर सरळ थांबा. ट्रेकचे पैसे बुडाले तर बुडू देत.