घोडा घेताना मौन नको

काही दिवसांपूर्वी आपल्या समाजातील एक तरुण आमच्या कचेरीत आला. वरातीच्या धंद्याकरिता कर्ज काढून त्याने बाजारातून एक घोडी विकत घेतली होती. त्याच्या घराण्यात यापूर्वी कोणीही घोडा पाळला नव्हता. आठव्या दिवशी घोडी लंगडू लागली. विकणाऱ्याकडे गेला तर तो म्हणाला, "घोडी निर्दोष आहे, असे मी कधी म्हटले होते?" तरुणाने आम्हास विचारले, "वकीलसाहेब, ही फसवणूक नव्हे काय?" आम्हास जे उत्तर द्यावे लागले ते कडू होते. ते तुमच्यापैकी कोणास पुन्हा ऐकावे लागू नये म्हणून हा लेख लिहीत आहोत.

वाचकहो, १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे सतरावे कलम फसवणुकीची व्याख्या करते आणि तेथे उदाहरण दिले आहे ते घोड्याचेच. एकाने लिलावात दुसऱ्यास घोडा विकला. घोडा सदोष आहे हे त्यास ठाऊक होते, परंतु तो काही बोलला नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. पुढचे उदाहरण अधिक मोलाचे आहे. घेणारा म्हणतो, "तुम्ही नाही म्हटले नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन." आणि विकणारा गप्प राहतो. येथे मात्र त्याचे मौन हे बोलण्यासारखेच मानले जाते. दोन्ही प्रसंगी विकणारा गप्पच आहे; फरक पडला तो घेणाऱ्याने तोंड उघडले म्हणून.

आपल्या बाजारांत मात्र तोंड न उघडण्याचीच रीत आहे. उपरण्याखाली हात धरून बोटांनी भाव ठरतो. तेथे साक्षीदार नाही व शब्दही नाही. भाव हवा तर तसा ठरवा. परंतु घोड्याविषयीचे प्रश्न दोन जाणत्या माणसांसमक्ष मोठ्याने विचारा. वय किती? पूर्वी लंगडला होता काय? पोटशूळ उठतो काय? चावतो, लाथा झाडतो काय? वाद्यांच्या गजरात बुजतो काय? घोडा कोणत्या कामासाठी हवा, हेही स्पष्ट सांगा. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या सोळाव्या कलमान्वये, जो त्या मालाचा व्यापारीच आहे त्यास तुम्ही आपला हेतू सांगितला व त्याच्या जाणतेपणावर विसंबलात, तर माल त्या कामास योग्य असण्याची जबाबदारी सामान्यतः त्याच्यावर येते. मिळालेली उत्तरे पावतीवर लिहून घ्या. जो उत्तरे देतो पण लिहून देत नाही, त्याचा घोडा घेऊ नका.

तथापि केवळ विचारून भागत नाही. साध्या दक्षतेने जो दोष कळण्यासारखा होता, त्याविषयीच्या मौनाची तक्रार मागाहून ऐकली जात नाही, असे करार कायद्याचे एकोणिसावे कलम सांगते. म्हणून डोळ्यांनी पाहा. दुधाचे दात पडून पुढचे पक्के दात येण्याचे काम अडीच वर्षांपासून सुमारे पाच वर्षांपर्यंत चालते. खालच्या दातांवरील खळगे साधारण आठव्या वर्षापर्यंत झिजतात. त्यानंतर वयाचा अंदाज सैल होतो. घोडा कडक जमिनीवर दुडक्या चालीने चालवून घ्या. पुढचा पाय दुखरा असेल तर तो टेकताच घोडा मान वर झटकतो. वेदनाशामक सुई टोचून लंगडणे लपवता येते, म्हणून शक्य तर दोन निरनिराळ्या दिवशी आणि सकाळी ठाणावरून सोडताच पाहा. खूर नालबंदास दाखवा. पशुवैद्याकडून ग्लँडर्सची रक्ततपासणी करून घ्या. हा रोग माणसासही होतो आणि रोगी जनावर मारून टाकावे लागते.

बाजारात दुसरीही एक बोली चालते. मानेवर देवमण आहे म्हणून भाव चढतो. अमुक ठिकाणचा भोवरा अशुभ म्हणून उतरतो. केसांच्या भोवऱ्यावरून पायातला किंवा छातीतला दोष कळत नाही. शकुन-अपशकुन आपण दीक्षेच्या दिवशी सोडले. ते बाजारात पैसे मोजून परत घेऊ नका. अशुभ ठरलेला सुदृढ घोडा स्वस्तात मिळत असेल, तर खुशाल घ्या.

खर्चाचा हिशेबही आधी मांडा. साडेतीनशे किलो वजनाच्या घोड्यास रोज सुमारे सात किलो चारा व खुराक लागतो. लग्नसराई काही महिन्यांचीच असते, घोडा मात्र बारा महिने खातो.

आता अखेरची गोष्ट. २०१८ साली गुजरातेत भावनगर जिल्ह्यातील टिंबी गावी एका दलित तरुणाची हत्या झाली. मुलगा घोडा बाळगतो, त्यावर बसतो, याचा राग त्यामागे होता, असे त्याच्या पित्याचे म्हणणे होते. म्हणून आपल्या घरी येणारा पहिला घोडा हा नुसता व्यवहार राहत नाही. वरातीत घोड्यावर बसावे की साधेपणाने विवाह करावा, हे तुम्ही ठरवा. बसू न देण्याचा अधिकार मात्र कोणासही नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात झालेली दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. तिने अनुसूचित जातीच्या व्यक्तीस वरातीत घोड्यावर बसण्यास अडथळा करणे हा गुन्हा ठरविला आहे. बौद्ध धर्म स्वीकारल्याने हे संरक्षण जात नाही. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला आहे. जातीचा दाखला व घोड्याची पावती एकाच पेटीत जपून ठेवा.

आमच्याकडे आलेल्या त्या तरुणाजवळ पावती नव्हती आणि साक्षीदारही नव्हता. घोडीवर उपचार चालू आहेत. कर्जाचे हप्तेही चालू आहेत. तुम्ही बाजारात जाल तेव्हा त्याची आठवण ठेवा, आणि पैसे मोजण्यापूर्वी विचारा.