ब्रह्मास्त्र आवरण्याचे सामर्थ्य

जालना जिल्ह्यातील असई या गावी २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या सेनेची आर्थर वेलस्लीच्या फौजेशी गाठ पडली. मराठ्यांचा पराभव झाला. परंतु कंपनीचे दीड हजारांहून अधिक सैनिक ठार वा जायबंदी झाले. ते मरण भयंकर होते, तरी ते प्रामुख्याने सैनिकांचे, समोरासमोरचे मरण होते. त्यानंतर दीड शतकाच्या आतच युद्धाने ही मर्यादा पूर्णतः ओलांडली.

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमावर अणुबाँब टाकण्यात आला. त्या वेळी हजारो शाळकरी मुले आगीला अटकाव करणारे मोकळे पट्टे तयार करण्यासाठी घरे पाडण्याच्या कामावर होती. वर्षअखेरपर्यंत त्या शहरातील सुमारे १ लाख ४० हजार माणसे मरण पावली. ९ ऑगस्टचे लक्ष्य वस्तुतः कोकुरा होते. तेथे दृश्यमानता नव्हती म्हणून विमान नागासाकीकडे वळले आणि तेथे सुमारे ७० हजारांचा बळी गेला. कोणते शहर जगणार, हे केवळ आकाशाच्या स्वच्छतेवर ठरले!

स्फोटातून वाचलेल्यांचीही सुटका नव्हती. अंगावर जखम नसलेल्यांचे केस गळू लागले, हिरड्यांतून रक्त येऊ लागले. काही वर्षांनी रक्ताच्या कर्करोगाने डोके वर काढले. दोन वर्षांची असताना बाँबच्या झळेतून वाचलेली सादाको सासाकी १९५५ साली, बाराव्या वर्षी, याच रोगाने गेली. मातेच्या उदरात किरणोत्सर्ग सोसलेली काही बालके तर खुरटलेला मेंदू घेऊनच जन्माला आली.

येथे महाभारताचे स्मरण होते. सौप्तिक पर्वात अश्वत्थामा आणि अर्जुन या दोघांनीही ब्रह्मास्त्र सोडले. ऋषींच्या सांगण्यावरून अर्जुनाने ते मागे घेतले. अश्वत्थाम्याला ते साधले नाही. त्याने ते पांडवस्त्रियांच्या गर्भावर वळविले. अस्त्र दोघांपाशी होते. भेद होता तो संयमाचा. गर्भावर अस्त्र टाकणाऱ्याला भारतीय परंपरेने वीर मानले नाही; कपाळीची जखम वागवीत भटकण्याचा शाप त्याच्या वाट्याला आला.

टोकियोच्या युद्धगुन्हेगार खटल्यात विजेत्यांच्या न्यायासमोर हाच विवेक उभा राहिला. न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी १९४८ च्या आपल्या भिन्नमतपत्रात सर्व आरोपींना निर्दोष ठरविले आणि अणुबाँब टाकण्याच्या निर्णयावरही बोट ठेवले. जपानी सैन्याचे अत्याचार त्यांनी नाकारले नव्हते. प्रश्न इतकाच होता की, नियम पराभूतांसाठीच असतात काय? ज्यांनी दोन शहरे जाळली, त्यांनीच मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर भारतावर निर्बंध लादले, हा दांभिकपणा विसरता येत नाही.

मात्र हाच प्रश्न स्वतःला राष्ट्रभक्त म्हणविणाऱ्यांनाही लागू पडतो. सीमेवर तणाव वाढला की ‘एक बाँब टाका, प्रश्न मिटवा’ अशी भाषा चौकाचौकांत ऐकू येते. ती शौर्याची नव्हे, अज्ञानाची भाषा आहे. वारा आणि पाऊस सीमारेषा ओळखत नाहीत. शिवाय अण्वस्त्राचा प्रथम वापर न करण्याचे भारताचे धोरण दुर्बलांनी घेतलेले नाही. ज्या वाजपेयी सरकारने पोखरणचे धाडस केले, त्याच सरकारने जानेवारी २००३ मध्ये ते अधिकृतपणे जाहीर केले. अस्त्र हवेच, कारण निःशस्त्राच्या शांतिपाठाला जग किंमत देत नाही; पण ते हाती आल्यावर जबाबदारी शतपटीने वाढते.

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच जालना जिल्ह्यातले. गावोगावी बलोपासना रुजविणाऱ्या समर्थांनी विवेकाचा आग्रह कधी सोडला नाही. बल आणि विवेक यांची फारकत झाली की अश्वत्थामा जन्माला येतो. भारताला अर्जुनच व्हायचे आहे, आणि अर्जुनाची खरी परीक्षा अस्त्र सोडण्यात नव्हती. ते मागे घेण्यात होती.